धांवतें वर्णन आणि अडखळती भाषा

क्रिकेटचा मोठा सामना चालू असलेल्या संध्याकाळीं पुण्याच्या नैऋत्येकडील वारजे या उपनगरांतून फेरफटका मारणाऱ्या माणसाला धांवसंख्या कोणाला विचारावी लागत नाहीं. मुठेच्या काठचें हें एके काळचें शेतीचें गांव आतां महानगरपालिकेंत सामावलें असून तेथें इमारतीला इमारत लागली आहे, आणि प्रत्येक मजल्यावरून समालोचकाचा तोच आवाज बाहेर येत असतो. रविवारीं एखाद्या मोकळ्या मैदानावर टेनिसच्या चेंडूचे सामने भरले म्हणजे ध्वनिवर्धकावरूनही त्याच थाटाचें बोलणें कानीं पडतें. शाळेंतल्या मास्तरांचा, कीर्तनकाराचा किंवा वक्त्याचा आवाज ज्या घरांत वर्षांतून चार वेळांही पोंचत नाहीं, त्या घरांत हा आवाज महिनोन्‌महिने रोज तीन-चार तास वावरतो. म्हणूनच तो कोणती मराठी बोलतो हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

या मराठीचा एक नमुना घ्यावा. "या ठिकाणीं एक चांगला असा फटका आपल्याला पहायला मिळतोय आणि चेंडू गेलाय चार धांवांसाठीं." वाक्य कोणा एकाचें नव्हे, थोड्याफार फरकानें तें सर्वांच्याच तोंडीं असतें. त्यांत शब्द चौदा आहेत. त्यांपैकीं 'या ठिकाणीं' हे शब्द निरुपयोगी, कारण खेळ दुसऱ्या कोणत्याही ठिकाणीं चाललेला नाहीं. 'असा' निरर्थक. 'आपल्याला पहायला मिळतोय' हें तर उघडच आहे. पहाणारा पहातच बसला आहे. 'चांगला' या शब्दावरून फटका कसा होता तें कळत नाहीं. शेवटीं उरतें काय? चार धांवा झाल्या एवढेंच. आणि तो आंकडा पडद्याच्या कोपऱ्यांत अगोदरच उमटलेला असतो.

आतां हीच घटना अशी सांगून पहावी : "आंखूड टप्प्याचा चेंडू, मागच्या पायावर जाऊन पॉइंट व कव्हर यांच्यामधून फटकावला, चौकार." शब्द बाराच, परंतु गोलंदाजानें काय चूक केली, फलंदाजानें तिचा लाभ कसा घेतला आणि चेंडू कोणत्या वाटेनें गेला, हें सर्व डोळे मिटून बसलेल्या माणसालाही दिसलें. या वाक्यांत पॉइंट व कव्हर हे दोन इंग्रजी शब्द आहेत आणि तरीही हें वाक्य पहिल्यापेक्षां अधिक मराठी आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दोष परक्या शब्दाचा नसून पोकळ शब्दाचा आहे.

'समालोचन' या शब्दाचाच अर्थ पहावा. 'आलोचन' म्हणजे पहाणें, निरखणें, विचार करणें. त्याला 'सम्' हा उपसर्ग लागला म्हणजे नीट, सर्व बाजूंनीं पहाणें असा अर्थ होतो. बोलणें हा अर्थ त्यांत मुळांत नाहींच. जो आधीं नीट पाहील त्यानेंच मग बोलावें, असा जणूं या शब्दाचा दंडक आहे. नभोवाणीच्या काळांत हा दंडक पाळल्यावांचून गत्यंतरच नव्हतें. हिंदुस्थानांत क्रिकेटचें धांवतें वर्णन १९३४ सालीं मुंबईच्या सामन्यांतून बॉबी तल्यारखान यांनीं इंग्रजींत सुरू केलें. ते जेवणाची व चहाची सुट्टी सोडल्यास दिवसभर एकटेच बोलत व ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हातीं देण्यास राजी नसत. पुढें पुण्यांत २ ऑक्टोबर १९५३ रोजीं आकाशवाणीचें केंद्र निघालें, आणि स्वतः महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळलेले पुण्याचे बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून मराठींत समालोचन करून तें लोकांच्या अंगवळणीं पाडलें. नभोवाणीच्या श्रोत्याजवळ कानांवांचून दुसरें साधन नव्हतें. समालोचक 'चांगला फटका' एवढेंच म्हणून थांबता, तर श्रोता काळोखांतच राहता. शब्दानें मैदान उभें करणें हा तेथें अलंकार नव्हता, तर निकड होती.

चित्र दिसूं लागलें आणि ही निकड संपली. वास्तविक पहातां चित्र दिसत असेल तेथें समालोचकानें कमी बोलावयास पाहिजे. घडलें मात्र उलट. याचें कारण साध्या गणितांत आहे. वीस षटकांच्या डावांत १२० चेंडू पडतात. एक चेंडू टाकून, खेळून व अडवून होण्यास चार ते सहा सेकंद धरले, तर सर्व डावांतील प्रत्यक्ष खेळ आठ ते बारा मिनिटांचा होतो. डाव मात्र सुमारें दीड तास चालतो. मधला उरलेला तासाहून अधिक वेळ समालोचकानें भरून काढावा अशी अपेक्षा असते. सांगण्यासारखें संपलें तरी बोलणें थांबवावयाचें नाहीं, अशी सक्ति झाली म्हणजे 'या ठिकाणीं', 'पहायला मिळतंय', 'कुठेंतरी', 'नक्कीच' अशा शब्दांचा भुसा भरावाच लागतो. हरदासाला पुढचें आख्यान आठवेपर्यंत तो टाळकऱ्यांकडे पाहून अभंग धरतो. समालोचकाजवळ टाळकरी नसल्यामुळें तो 'या ठिकाणीं' धरतो.

दुसरा दोष वाक्यरचनेचा. इंग्रजींत चेंडू चार धांवांसाठीं जातो, म्हणून मराठींतही तो 'चार धांवांसाठीं' जाऊं लागला. मराठींत 'साठीं' हा शब्द हेतु दाखवितो : माणूस भाजीसाठीं मंडईंत जातो, विद्यार्थी परीक्षेसाठीं जागतो. चेंडूला असा कोणताच हेतु नसतो. 'चेंडू सीमेपार, चौकार' असें म्हटलें कीं काम भागतें. तसेंच 'क्षेत्ररक्षक वर आले आहेत' हें वाक्य. इंग्रजी बोलींत जवळ बोलावलेले क्षेत्ररक्षक 'वर' येतात. मराठींत वर येणारा माणूस जिना तरी चढतो किंवा विहिरींतून तरी निघतो. 'क्षेत्ररक्षक जवळ घेतले आहेत' असें म्हणण्यास कोणाची हरकत असणार? क्रियापद आधीं व कर्ता मागाहून अशी 'बाद झालाय आणि परत चाललाय सलामीचा फलंदाज' ही तऱ्हा अधूनमधून उत्कंठेला शोभते. प्रत्येक वाक्यांत आली म्हणजे तिच्यांतील उत्कंठाही मरते आणि मराठी वाक्याचा कणाही मोडतो.

याउलट जे शब्द मराठीनें स्वतः घडविले, त्यांकडे पाहिलें तर या भाषेची ऐपत कळून येते. 'गोलंदाज' हा मूळचा तोफखान्यांतला शब्द. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. फारसींत 'अंदाज' या उत्तरपदाचा अर्थ फेंकणारा. तोफ गेली तरी शब्द राहिला व चेंडू फेंकणाऱ्यास चपखल बसला. जुन्या मराठींत क्रिकेटला 'चेंडूफळी' म्हणत. तेव्हां गोलंदाजाच्या समोर फळी घेऊन उभा राहिला तो 'फलंदाज' झाला. अर्धा देशी, अर्धा फारसी असा हा जोडशब्द व्याकरण्याला रुचो वा न रुचो, पोराटोरांच्या तोंडीं तो बसला. 'पायचीत', 'धांवचीत', 'यष्टिचीत' यांतील 'चीत' आखाड्यांतून आला : पाठ जमिनीला टेकली तो चीत. कुस्तीचें मर्म जाणणाऱ्या लोकांना 'पायचीत' समजावून सांगावें लागलें नाहीं. 'षटक' हा शब्द संस्कृत. सहांचा समूह तें षट्क. 'त्रिफळा' म्हटल्याबरोबर ज्या घरांत हरडा, बेहडा व आवळकाठी यांची पुडी आठवते, त्या घरांतही 'त्रिफळा उडाला' याचा अर्थ कोणी चुकत नाहीं. तोफखाना, तालीम, पाठशाळा आणि वैद्याचें दुकान अशा चार ठिकाणांहून शब्द गोळा करून मराठीनें एका परक्या खेळाला घरचा केला.

येथें भाषाशुद्धीच्या जुन्या वादाची आठवण होणें स्वाभाविक आहे. सावरकरांनीं ती चळवळ चालविली. माधव ज्यूलियन यांनीं १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला, आणि विशेष हें कीं 'फारसी-मराठी कोश' रचणारेही तेच. परंतु समालोचकाच्या भाषेचा प्रश्न त्या वादानें सुटण्यासारखा नाहीं. कडक शुद्धीच्या सोंवळ्यांत 'गोलंदाज' सुद्धां ओंवळा ठरेल. शब्द कोठून आला यापेक्षां तो नेमकें काय सांगतो, हें पहाणें येथें अगत्याचें आहे. नेमका शब्द तर आपली मर्यादाही दाखवितो. ऑस्ट्रेलियांत १९७८-७९ च्या हंगामापर्यंत एका षटकांत आठ चेंडू टाकीत. त्या काळच्या मराठी समालोचकास 'आठ चेंडूंचें षटक' असा वदतोव्याघात करावा लागे. इंग्लंडांत २०२१ सालीं सुरू झालेल्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेंत पांच-पांच चेंडूंचे गट पडतात. त्यांना षटक म्हणून चालणार नाहीं. अर्थ असलेला शब्दच असा अडवितो आणि विचार करावयास लावतो.

तिसरा दोष अतिशयोक्तीचा, आणि परिणामांत तोच सर्वांत वाईट. हल्लीं प्रत्येक झेल 'अविश्वसनीय', प्रत्येक षटक 'निर्णायक' आणि प्रत्येक विजय 'ऐतिहासिक' असतो. ज्या शहराच्या वेशींत वारजें येतें, त्या पुण्यानें खरोखर ऐतिहासिक म्हणावे असे दिवस पाहिले आहेत. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यांत काठेवाडच्या संघाविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धांवा काढून नाबाद राहिले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील तेव्हांचा उच्चांक ब्रॅडमनचा, १९३० सालचा, ४५२ धांवांचा होता. महाराष्ट्राची धांवसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. काठेवाडच्या कर्णधारानें सामना पुढें खेळण्याचें नाकारलें, आणि उच्चांक अवघ्या नऊ धांवांवरून हुकला. भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील ती सर्वोच्च धांवसंख्या आजही आहे. त्याच पुण्यांत २९ फेब्रुवारी १९९६ रोजीं विश्वचषकाच्या सामन्यांत केनियाच्या नवशिक्या संघानें १६६ धांवा करून वेस्ट इंडीजला ९३ धांवांत गुंडाळलें. या दोन दिवसांना कोणतें विशेषण द्यावयाचें? मंगळवारच्या एका साध्या सामन्यांत 'ऐतिहासिक' खर्च होऊन गेला असेल, तर अशा दिवसासाठीं समालोचकाजवळ आरडाओरड करण्यावांचून कांहींच शिल्लक रहात नाहीं. रोज तेरावा महिना म्हणणाऱ्यास खरा अधिक मास कळावयाचा कसा?

निंबाळकरांचा डाव सांगण्यास विशेषण लागत नाहीं, ही दुसरी गोष्ट. ४४३, ४५२ आणि मधले नऊ, एवढ्या तीन आंकड्यांनींच ऐकणारा हळहळतो. चांगल्या समालोचकाचें हेंच गमक असतें : श्रोत्यानें काय वाटून घ्यावें तें तो सांगत नाहीं, जें घडलें तें सांगतो आणि वाटावयाचें तें श्रोत्याचें त्याला वाटूं देतो.

अशी नेमकी भाषा आजही ऐकावयाची असेल तर कुस्तीच्या फडावर जावें. दक्षिण महाराष्ट्रांतील मैदानांवर निवेदन करणारे जाणते लोक एकेरी पट, ढाक, घिस्सा, मोळी, धोबीपछाड अशीं डावांचीं नांवें डाव पडतां पडतां घेतात. 'चांगला असा डाव' म्हणून भागत नाहीं, कारण समोरचा शेतकरी लगेच हंसेल. तेथें नांव चुकणें म्हणजे कुस्तीच न कळणें. या नेमकेपणाला केवढें मोल आहे तें वारज्याशेजारच्या कोथरुडांत जानेवारी २०२३ मध्यें झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत दिसून आलें. माती विभागाच्या अंतिम लढतींत महेंद्र गायकवाड यांना 'बाहेरील टांग' या डावाबद्दल चार गुण देण्यांत आले. प्रतिस्पर्धी सिकंदर शेख यांच्या चाहत्यांचें म्हणणें असें कीं डाव पुरा बसलाच नव्हता. पंचांचा निर्णय कायम राहिला, पण वाद महाराष्ट्रभर झाला. 'बाहेरील टांग लागली' म्हणजे नक्की काय झालें, या एका वाक्याच्या अर्थावर मल्लांच्या वर्षभराच्या मेहनतीचें फळ अवलंबून होतें. असे प्रसंग पाहिले म्हणजे शब्द सैल वापरला तरी बिघडत नाहीं, असें कोण म्हणेल?

आणि ज्या खेळांना मराठी मुलखानेंच नियमांत बसविलें, त्यांची काय अवस्था आहे? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें परदेशी प्रेक्षकांना करून दाखविली. चढाई, पकड, लोण, मध्यरेषा; खुंट, पाटी, हुलकावणी, सूर; ही परिभाषा याच मातींत तयार झाली. २०१४ पासून कबड्डीची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, खेळाडूंना पैसा व मान मिळूं लागला, ही आनंदाची गोष्ट. परंतु चढाई करणारा 'रेडर' झाला व पकडीची 'टॅकल' झाली. पुण्याच्याच बालेवाडींत २०२२ सालीं खो-खोची अशीच स्पर्धा झाली, तेव्हां खुंटावरून सूर मारणाऱ्याचा 'पोल डाइव्ह' झाला होता. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. खेळाडू मराठी, खेळ मराठी आणि मराठी वर्णनांतले शब्द मात्र उसने! परदेशी प्रेक्षकासाठीं इंग्रजी समालोचनांत ते असोत. मराठी समालोचनांत त्यांचें प्रयोजन समजत नाहीं. क्रिकेटसाठीं मराठीला शब्द घडवावे लागले होते. येथें तर ते तयार असून टाकून दिले जात आहेत.

या दोन देशी खेळांत एक मोठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्यांत शब्द हाच खेळाचा भाग आहे. चढाई करणाऱ्यानें एका दमांत 'कबड्डी, कबड्डी' असा स्पष्ट उच्चार चालू ठेवावयाचा असतो; प्रतिपक्षाच्या अंगणांत तो तुटला तर गडी बाद. पाठलाग करणाऱ्यानें बसलेल्या गड्यास मागून हात लावून 'खो' असें मोठ्यानें म्हणावयाचें. हात लागला आणि शब्द निघाला नाहीं, किंवा शब्द निघाला आणि हात लागला नाहीं, तर तो खो खोटा. म्हणजे उच्चार शुद्ध हवा, वेळेवर हवा आणि कृतीशीं जुळलेला हवा, अशा तीन कसोट्या घामानें निथळणाऱ्या, धांपा टाकणाऱ्या खेळाडूच्या एका शब्दाला पंच लावतात. त्याच वेळीं वातानुकूलित खोलींत खुर्चीवर बसून त्या खेळाचें वर्णन करणाऱ्याच्या हजारों शब्दांना मात्र एकही पंच नाहीं.

समालोचकांची बाजूही न्यायबुद्धीनें पाहिली पाहिजे. क्षणार्धांत घडणाऱ्या गोष्टीला तत्क्षणीं शब्द शोधणें सोपें नव्हे. लिहिणाऱ्यास खोडून पुन्हां लिहितां येतें, बोलणाऱ्यास ती सोय नाहीं. समालोचकांपैकीं पुष्कळ जण निवृत्त खेळाडू असतात आणि त्यांचें क्रीडाजीवन इंग्रजी-हिंदी बोलणाऱ्या सोबत्यांत गेलेलें असतें. मराठी समालोचनाची परंपराही मधल्या काळांत क्षीण झाली होती. २०२३ सालीं आय.पी.एल.चे सामने मोबाइलवर एकूण बारा भाषांत ऐकूं येऊं लागले व त्यांत मराठीला स्थान मिळालें, तेव्हां कोठें नव्या समालोचकांना मोठा श्रोतृवर्ग लाभला. त्या वर्षीं पुण्याचा केदार जाधव मराठी समालोचन करीत असतांनाच मे महिन्यांत त्याला बंगलोरच्या संघानें बोलावून घेतलें. खुर्चींतून उठून थेट मैदानावर जाणाऱ्या अशा माणसांच्या खेळाच्या ज्ञानाबद्दल शंकाच नको. उणीव ज्ञानाची नसून तें ज्ञान मराठींत मांडण्याच्या सरावाची आहे, आणि सराव हा शब्द खेळाडूला शिकवावा लागत नाहीं. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या दोन वर्षीं महाराष्ट्राच्या संघानें त्यांच्याच नेतृत्वाखालीं रणजी करंडक जिंकला. चेंडू आणि शब्द या दोहोंवर सारखीच हुकमत असूं शकते, याला याहून चांगला दाखला नको.

सुधारणेचे उपाय कठीण नाहींत. जें चित्रांत दिसतें तें पुन्हां न सांगतां, तें कां घडलें तें सांगावें. सांगण्यासारखें नसेल तेव्हां दहा सेकंद गप्प बसावें. मैदानावरचा गलबला हेंही उत्तम वर्णन आहे. रूढ मराठी शब्द असेल तेथें तो वापरावा. नसेल तेथें इंग्रजी शब्द बेधडक घ्यावा, पण वाक्य मराठी वळणाचें ठेवावें. विशेषण पाकिटांतल्या शेवटच्या नोटेप्रमाणें जपून काढावें. प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्यांनीं प्रत्येक समालोचकाच्या बोलण्याचें मुद्रण त्याचें त्यालाच ऐकवावें. 'या ठिकाणीं' किती वेळां आलें तें त्यानें स्वतः मोजलें म्हणजे दुसऱ्या कोणी टीका करण्याची गरज उरणार नाहीं.

श्रोत्यांकडेही थोडें काम आहे. शाळकरी मुलांच्या निबंधांतून 'पहायला मिळतें' व 'चांगली अशी' यांची पेरणी दिसूं लागली आहे. तीं मुलें व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां समालोचकाजवळ अधिक वेळ बसतात. त्यांना दटावून उपयोग नाहीं. मात्र सामना पहातांना वडील माणसांनीं अधूनमधून आवाज बंद करावा आणि पुढच्या एका षटकाचें वर्णन मुलांनींच करावें, असा डाव घरांत मांडून पहावा. सहा चेंडू, प्रत्येकाला एकच वाक्य. पहिल्या दोन चेंडूंना मूल अडखळेल, तिसऱ्याला 'मस्त' म्हणेल, आणि सहाव्या चेंडूपर्यंत चेंडू कोठें पडला व कोठें गेला तें पाहूं लागेल. पहाणें सुरू झालें कीं शब्द मागोमाग येतात, आणि उद्यांचा चांगला समालोचकही अशाच एखाद्या घरांतून यावयाचा आहे.